कडीच्या डब्याचा केक

आमच्या आईला केकचं वेड लावलं ते काकूने. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. घर एकत्र होतं तोवर दोघी मिळून ऑर्डरचे केक करायच्या. फेटणं, भाजणं, सजावट काकूची. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि हुकूम सोडणं आईचं. बाबा गमतीने म्हणायचे, "फणसाच्या आत निदान गरे तरी असतात. हिच्या आतही काटेच!"

त्यांच्याकडे केक भाजायचे दोन कडीचे डबे होते. गोल पत्र्याची कड, तिला बाजूने खटका आणि तळ सुटा. खटका उघडला की कड सैल होऊन वर निघायची आणि नाजूक केक तळावर जसाच्या तसा उभा राहायचा. डबे दिसायला जुळे, पण एक सूतभर मोठा.

शाळेतल्या एक बाई निवृत्त होणार होत्या, त्यांच्यासाठी चीजकेकची ऑर्डर आली. सकाळी आईने डबे धुतले, पुसले, तळ बसवून ओट्यावर ठेवले. काकू मिश्रण ओतायला गेली आणि थांबली.

"ताई, हा तळ हलतोय."

"मग खटका नीट दाब ना."

"दाबलाय हो. तरीपण..."

"संध्याकाळी न्यायला येतील. ओत तू."

काकूने ओतलं. वीस मिनिटांत स्वयंपाकघर धुराने भरलं. निम्मं मिश्रण गळून ओव्हनमध्ये जळत होतं. नेमकी तेव्हाच ऑर्डर देणारी बाई केकवर काय लिहायचं ते सांगायला दारात उभी. तिच्यादेखत आई कडाडली, "साधा खटका लावता येत नाही तुला! चार केक काय जमले, लागली शहाणपणा शिकवायला!"

काकूने ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि खोलीत गेली. पुढच्या वर्षी काकांची बदली झाली, ते लांब गेले. अपशकुनी म्हणून आईने ते डबे माळ्यावर टाकले.

अकरा वर्षांनी माझ्या लेकीच्या हट्टापायी ते खाली आले. खबरदारी म्हणून आईने मोठ्यात पाणी भरून पाहिलं. टपटप गळायला लागलं. खटका दाबला, पुन्हा दाबला. मग सहज दुसऱ्या डब्याचा तळ लावून पाहिला. एक थेंब सुटेना. तळांची अदलाबदल झाली होती.

आई तशीच स्टुलावर बसली. "तळ मीच बसवले होते गं," एवढंच म्हणाली.

लगेच काकूला फोन लावला. सगळं ऐकून काकू शांतपणे म्हणाली, "हो ताई. डबा घासताना तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"ओतायच्या आधी बोलले होते ना."

आईने मग कसंबसं विचारलं, "हल्ली करतेस की नाही केक?"

"छे हो. ओव्हन घेतलाच नाही मी."

तुमच्यावर राग नाही, असं काकू म्हणाली. खरंच नसावा. सुट्टीत दोन दिवस राहूनही गेली. आईने लोणी, साखर, अंडी सगळं मांडून ठेवलं होतं. भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"तुम्हीच करा ताई, मी बघते," म्हणत काकू दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. केक झाल्यावर एक तुकडा खाल्ला, "छान झालाय" म्हणाली. मग उठून, ज्या स्वयंपाकघरात तिने नऊ वर्षं काढली तिथे उभी राहून, पाहुण्यासारखं विचारलं, "ताई, बशी कुठे ठेवू?"

आई हातातला डबा पुसत राहिली. शेवटी मीच पुढे होऊन बशी घेतली.