धाकटी आणि शिवणवाली

माझी धाकटी बहीण लॅबमध्ये रक्त काढते. पंधरा वर्षं झाली. सुई कधी गेली ते कळत नाही, म्हणून लोक तिच्याच रांगेत थांबतात. तिथला डॉक्टर खेकसला, तर ही "हो सर". नवऱ्याने चहा गार म्हणून परत पाठवला, तर निमूटपणे पुन्हा गरम. सगळं घर मला तिचाच दाखला देतं. गरीब गाय, पोटात पाय! पण माझं ऐकतंय कोण?

संध्याकाळी ही गुणाची बाई फोन घेऊन बसते आणि खोट्या नावाने जगाची सालटी काढते. तिनेच मला कौतुकाने दाखवलं, म्हणून कळलं. एक शिवणवाली शिलाईचे व्हिडिओ टाकते, त्यावरच तिला गिऱ्हाइकं मिळतात. त्याखाली हिने लिहिलेलं, "हात आहेत की खुरपी? आधी दात आत ठेव." रोज, तीन महिने! हिचं बघून आणखी दहा जण तुटून पडलेले.

"अगं, तिने तुझं काय घोडं मारलंय?"

"फार हसते ती."

"मग त्या डॉक्टरला लिही की असं!"

"त्यांना कसं बोलणार, ताई?"

कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

परवा तीच शिवणवाली लॅबमध्ये हिच्यासमोर येऊन बसली. वाळून काडी झालेली, ओळखूही येईना. नळीवर नाव लिहिताना धाकटीच्या लक्षात आलं. बाईला घास जात नव्हता, झोप नव्हती. "लोक फार वाईट लिहितात हो," म्हणाली. "गिऱ्हाइकं तुटली. या महिन्यात मशीन विकून टाकते." आणि निघताना वर हिचेच आभार मानून गेली, किती मायेने बोलता म्हणून.

त्या संध्याकाळी धाकटी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. मीही विरघळले. माझ्यादेखत तिने त्या बाईच्या व्हिडिओंखालच्या आपल्या सगळ्या कमेंट पुसल्या.

"आता माफी माग तिची."

"मागते गं, आत्ताच लिहिते."

म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर येते तर हिचा अंगठा भराभर चाललेला.

"झाली का माफी लिहून?"

"थांब गं," डोळे पुसत ती म्हणाली. "ही दुसरी आहे. बघ ना, किती मिरवते!"