चाळणीतला समुद्र

हा किस्सा घडला माझ्याच हातून. तरीही तो संपूर्ण स्वरूपात मी ऐकला तो दुसऱ्याच्या तोंडून. कुणाच्या, कधी, कुठे, हे आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. सांगणारी व्यक्ती : माझ्या घरमालकीण मार्थामावशी. वेळ : नाताळच्या दुसऱ्या दिवशीची दुपार, जेवणे उरकल्यावर. स्थळ : निर्मळ गावातील त्यांच्या घराची मागची पडवी. साक्षीदार : त्यांचे यजमान पास्कलकाका, आणि काकांच्या ताटातील हाडे.

हाडांचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. ती शेवटी लागणार आहेत.

तर ऐका, आणि हसायचे झाले तर मोकळेपणाने हसा. माझी यात जी शोभा झाली, ती मी आता सार्वजनिक मालमत्ता मानतो.

मी प्राणिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी. आणि जन्माने, सवयीने व पोटाने शुद्ध शाकाहारी. वर्गात ज्यांचे पाय मोजतो त्यांना ताटात ओळखत नाही, अशी माझी अवस्था. आमचे घर लातूरकडचे. कॉलेजसाठी म्हणून मी मार्थामावशींकडे खोली घेऊन राहतो. काकांची केळीची वाडी आहे, मागे बदके आहेत, आणि काका मला पहिल्या दिवसापासून 'प्रोफेसर' म्हणतात. तो आदर आहे की चेष्टा, हे मी विचारलेले नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारू नयेत.

माझ्या शोधप्रकल्पाचा विषय होता वाळवंटी डबक्यांतील सूक्ष्म जीवसृष्टी. आता निर्मळला बसून वाळवंट कसे अभ्यासणार? त्याचे असे आहे. वाळवंटात पाऊस पडला की सखल जागी डबकी साचतात आणि थोड्याच आठवड्यांत आटतात. तेवढ्या मुदतीत तिथे अख्खे गाव वसते! रोटिफर नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव, तिळाएवढ्या शिंपल्यांत राहणारे जीव, आणि पाठीवर उलटे पोहणारे फेअरी श्रिम्प. जन्म, लग्न, बाळंतपण, मयत, सगळे डबके आटायच्या आत. मागे उरतात ती त्यांची बारीक अंडी. ती कोरड्या चिखलात वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि पाणी मिळाले की जागी होतात.

"म्हणजे आमच्या दुबईच्या जावयासारखी," काका म्हणाले. "वर्षभर पत्ता नाय, आणि जेवण उघडलं की हजर!"

माझा एक मित्र मे महिन्यात जैसलमेरला गेला होता. त्याने तिथल्या आटलेल्या डबक्यातला चिखल बिस्किटांच्या डब्यात भरून आणला. डबा एकच. तो चिखल भिजवायचा, त्यातून काय काय जागे होते ते पाहायचे, हा माझा प्रकल्प. काहीच जागे झाले नाही, तर वर्ष बुडाले. दुसरा डबा नाही, दुसरा मित्र नाही, आणि जैसलमेर काही वालीव नाक्याच्या पलीकडे नाही.

आमच्या सरांनी बजावले होते, "मकरंद, स्वच्छता! बाहेरचा एक कण आत जाता कामा नये."

मी सावध माणूस. बरणी उकळली. हात धुतले. ते वाळवले. पुन्हा धुतले. मग लक्षात आले की चिखल चाळायला चाळण नाही. प्रयोगशाळेतली तिथेच राहिली, आणि प्रयोगशाळेला परीक्षेमुळे कुलूप.

"मावशी, आपल्याकडे बारीक चाळण आहे का?"

"आहे की. काय चाळायचंय?"

"माती."

"माती? माझ्या चाळणीत?"

"वाळवंटातील आहे, मावशी. अत्यंत स्वच्छ."

"माती, आणि म्हणे स्वच्छ!"

"एकदाच. माझे वर्ष अवलंबून आहे."

"ने बाबा, ने. तुझ्या वर्षावरून ओवाळून टाकली ती चाळण!"

"धुतलेली आहे ना?" मी खात्री करून घेतली.

"नाय, तुझ्यासाठी मळकी जपून ठेवली होती!"

आमच्या घरी चाळण एकच, आणि ती पिठाची. चाळणीला पिठाखेरीज दुसरे आयुष्य असू शकते, हे मला कुणी शिकवले नव्हते. हिला किंचित वास होता, हे मी मान्य करतो. पण जुलै महिना, मासेमारी बंद, घरोघर सुक्या मासळीचे दिवस. त्या घरात माझ्या पुस्तकांनाही तो वास होता! जो वास सर्वत्र आहे तो विशेष पुरावा मानता येत नाही, असा निष्कर्ष मी काढला. किती शास्त्रशुद्ध, नाही?

मी चिखल चाळला. खाली पडलेली बारीक माती बरणीत घातली आणि त्यावर पाणी ओतले. वर राहिलेली ढेकळे मावशींना दाखवून म्हटले, "ही टाकून द्या." चाळण परत केली. मी झटकली होती. बऱ्यापैकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

थेंबात एक डोळा होता! काळाभोर, देठावर बसवलेला. शेजारी एक लांब मिशी. पुढच्या थेंबात शेपटीचा तुकडा, त्याच्या पुढच्यात डोक्यावरचे टोकदार कवच. जिवंत काही नव्हते, पण ते मला खटकले नाही. खटकले ते कवच. कारण फेअरी श्रिम्पला कवच नसते! गोड्या डबक्यात राहणाऱ्याचे हे अंगच नव्हे. हा ऐवज उघड उघड समुद्रातला होता.

समुद्रातली कोळंबी, जैसलमेरच्या चिखलात! तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता हे मला ठाऊक होते. पुढचे सगळे मला क्षणात सुचले, आणि क्षणात सुचते ते तपासून पाहावे, हे मात्र सुचले नाही.

मी सरांना फोन लावला. 'शोध' हा शब्द मी मुद्दाम टाळला. मी सावध माणूस.

"सर, बहुधा समुद्र."

"काय?"

"समुद्र, सर."

"मकरंद, तू किनाऱ्याजवळ राहतोस. समुद्र असणारच."

"इथला नव्हे, सर. जैसलमेरचा."

"तुला ताप वगैरे आहे का?"

मी छायाचित्र पाठवले. लगेच सरांचाच फोन आला, आणि आवाज पार बदललेला.

"कवच आहे रे! डोळे देठावर आहेत!"

"तेच म्हणतो, सर."

"आता कशालाही हात लावू नकोस. नीट जतन कर. मी निघालोच!"

जतन कर म्हटल्यावर मी काय केले असेल? अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. मी स्पिरिटची बाटली उघडली आणि बरणीत ओतली. सगळ्या बरणीत. डब्याच्या तळाशी उरलेली चिमूटभर मातीही झटकून त्यातच घातली. एक कणही सडता कामा नये!

तोवर काकांनी वाडीत बातमी फोडली होती. "प्रोफेसरला राजस्थानात समुद्र सापडला!" केळीचे घड न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने विचारले, "किनाऱ्याला लागून प्लॉट मिळतील का? आत्ताच बुकिंग करून टाकू." तुळिंजला राहणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचा धंदा जागांचा होता. त्याने म्हणे दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

सर स्कूटरवरून भिजत आले आणि टोपी न काढताच सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ नुसते "वा... वा..." एवढेच.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. सरही माझ्याच पंगतीचे. अंड्याच्या केकलाही लांबून नमस्कार करणारे.

"मकरंद," डोळा न हलवता ते म्हणाले, "ही जात नवी असेल तर हिला तुझे नाव द्यावे लागेल."

"छे, सर! आपले."

"नाही नाही, तुझे. सापडली तुला."

"आपल्या मार्गदर्शनाखाली सापडली, सर. आपलेच."

पंगतीत शेवटची पोळी एकमेकांच्या ताटात ढकलावी तशी आम्ही ती कोळंबी एकमेकांकडे ढकलत होतो. तेवढ्यात मावशींनी हाक मारली, "चला, जेवून घ्या! समुद्र काय पळून नाय जात."

आम्हा दोघांना वरणभात आणि केळफुलाची भाजी. काकांना त्यांचे नेहमीचे, काहीतरी लालसर, कांदा घालून परतलेले. काकांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"मार्था, आज यात रेती कशी?"

"रेती? मी स्वतः चाळून घेतलंय!"

"कर्र वाजतंय. ऐका, सर." आणि सरांना ऐकू जावे म्हणून काकांनी दुसरा घास मोठ्याने चावला.

सरांनी सौजन्य म्हणून त्या ताटाकडे पाहिले. मग जवळून पाहिले. त्यांच्या हातातला वरणभाताचा घास हातातच राहिला.

"काका, हे काय आहे?"

"जवळा, सर. बारीक कोळंबी, सुकवलेली. अर्नाळ्याच्या बंदरावरचा. घेणार थोडा?"

"द्या."

मावशी थक्क झाल्या. मी हादरलो. काका मात्र हरखले. "घ्या, घ्या! मी कुणाला नाय सांगत!" सरांनी थोडा घेतला नाही. त्यांनी पूर्ण ताट उचलले आणि माझ्या खोलीकडे धावले.

"अहो सर! माझं जेवण!" काका मागून ओरडले.

आम्ही पोहोचलो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जैसलमेरच्या शेजारी काकांच्या ताटातला जवळा मांडलेला होता. सर आळीपाळीने दोन्हीकडे पाहत होते. कवच, कवच. देठावरचा डोळा, देठावरचा डोळा. फरक एवढाच, की उजवीकडच्याला हळद लागलेली होती.

"मकरंद," सर शांतपणे म्हणाले, "तुझा समुद्र अर्नाळ्याचा आहे."

मावशींनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! ती चाळण जवळ्याचीच रे! रेती काढायला जवळा चाळावा लागतो. जाळीत चुरा अडकतोच. तू धुतली का ते विचारलंस. कशाची आहे ते कुठे विचारलंस?"

"आणि मी परत केल्यावर?"

"नुसत्या पाण्याने खंगाळली, आणि सुकल्यावर आज सकाळी जवळा चाळला."

म्हणजे जवळा वाळवंटात गेला आणि वाळवंट जवळ्यात. काकांनी हिशेब लावला. "म्हणजे मी जैसलमेर खाल्लं?"



"असो," सर म्हणाले. "माणूस चुकतो. उरलेली माती पुन्हा भिजव."

"ती जतन केली, सर."

"कशात?"

"स्पिरिटमध्ये."

"सगळी?"

"आपणच म्हणालात..."

"मकरंद, आत जिवंत अंडी होती! वाळवंटाच्या उन्हात जी मेली नाहीत, ती तू एका बाटलीत संपवलीस?"

जाताना सरांनी मला नवा विषय दिला, आणि त्यात त्यांचा थोडा सूड असावा असा माझा अंदाज आहे. विषय : बाजारातील सुक्या जवळ्यात आढळणारे सूक्ष्म जीव. माझे वर्ष वाचले ते असे. लातूरच्या शाकाहारी घरातला मी दिवाळीपर्यंत जवळ्याचे ढीग निवडत बसलो होतो. घरी आईने मला आधी मागच्या अंगणात आंघोळ घातली, मग आत घेतले.

आता येतो नाताळच्या दुसऱ्या दिवसावर. पडवीत चहा चालला होता, काकांचे ताट तेवढे उचलायचे राहिले होते. मावशी सहज म्हणाल्या, "काय रे, त्या तुझ्या मातीत उलटं पोहणारं काय होतं?"

माझा कप ओठाशीच थांबला. "कुठल्या मातीत?"

"ती ढेकळं टाक म्हणालास ना? मी तिथल्या घमेल्यात टाकली. पावसानं घमेलं भरलं. मग एके दिवशी बघते, तर बारीक बारीक पांढुरकं काहीतरी, सगळं पाठीवर पोहतंय! पायांची नुसती झुळझुळ. इतकं गोड दिसत होतं!"

"मावशी! मला हाक का नाही मारलीत?"

"तू तेव्हा किती उदास होतास! त्या खिडकीत बरणी मांडीवर घेऊन बसायचास. म्हटलं, आणखी किड्यांचं नाव नको काढायला पोरासमोर."

ती खिडकी बरोबर त्या घमेल्यावर उघडते. मी फक्त खाली पाहायचे होते.

"मग त्यांचे काय झाले?"

"डासांची तपासणी करणारे येणार होते," काका म्हणाले. "साचलेलं पाणी दिसलं तर कटकट. मी घमेलं बदकांपुढे ओतलं. काय तुटून पडली, प्रोफेसर!"

"आणि ती बदके?"

 काकांनी फक्त स्वतःच्या ताटाकडे पाहिले. मीही पाहिले. नाताळ होता. हाडे स्वच्छ चोखलेली होती.

पाठीवर पोहणारे, पांढुरके, पायांची झुळझुळ, हे वर्णन तंतोतंत जुळते. पण ऐकीव वर्णनावर 'होते' असे मी लिहू शकत नाही. 'असावेत' एवढेच लिहितो. पुरावा बदकांनी खाल्ला, बदके काकांनी खाल्ली, आणि मी शाकाहारी. तपासाचा एकच मार्ग उरला होता.

"काका," मी विचारले, "चवीत काही वेगळे जाणवले का?"

काकांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "नाय रे. झकास झालं होतं. फक्त एका घासाला जरा रेती लागली."

ती रेती जैसलमेरची की निर्मळची, याची खातरजमा मला आजतागायत करता आलेली नाही.