ब्रेकबाईचा सेंट

माझी आत्या बसडेपोत ब्रेकच्या विभागात मुख्य कारागीर होती. डेपोत तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, उलट फोन उचलला की स्वतःच म्हणायची, "ब्रेकबाई बोलतेय." गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचं, चाकं काढायची, चाकाला घासून गाडी थांबवणारं लायनिंग झिजलं की बदलायचं, हवा कुठून गळते ते कान लावून ऐकायचं आणि शेवटी कागदावर सही करायची. तिच्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

लग्न केलं नाही. धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहायची. बावीस वर्षं ती डिझेल आणि ग्रीसचा वास घेऊन घरी आली. साबणानं कितीही घासलं तरी तो जात नसे. घरी येताना बसमध्ये शेजारची बाई हळूच पलीकडच्या सीटवर सरकायची. आत्या खिडकीबाहेर बघत बसायची. दिसलंच नाही असं दाखवायची.

बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला काहीतरी चांगलं द्यायचं म्हणून ती मला घेऊन सेंटच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "स्वभावानं कसे आहेत ते?"

आत्या जरा विचार करून म्हणाली, "भित्रा आहे. पण मनानं चांगला."

मुलगी हसली नाही. तिनं एक काळं खोकं काढलं आणि त्यावरचं वाचून दाखवलं: ठाम पुरुषासाठी. जो निर्णय घेतो आणि कुणापुढे झुकत नाही. मग कागदाच्या पट्टीवर थोडा उडवून आत्याच्या नाकाशी धरला. नुकतंच रंधा मारलेलं लाकूड, मिरी, चामडं आणि मागे कुठेतरी हलकंसं जळकं. आत्यानं डोळे मिटले. "तापलेल्या लायनिंगचा वास आहे गं," मला म्हणाली, "पण आंघोळ करून आलेल्या."

घरी बाबांनी तो मनगटावर मारला आणि लागोपाठ सात वेळा शिंकले. ते एका कचेरीत कारकून होते. साहेबांनी खाकरलं तरी उठून उभे राहत. नाक पुसत म्हणाले, "ताई, हा लावून गेलो तर साहेबांना वाटेल मी भांडायलाच आलोय. तूच ठेव हा."

"अरे, पुरुषांचा आहे."

"खोक्यावर काय लिहिलंय ते वाच ना. आपल्या घरात असा माणूस आहे तरी कोण?"

आई स्वयंपाकघरातून फिस्सकन हसली. दुसऱ्या दिवसापासून आत्या कामावर जाताना तो सेंट लावू लागली.

डेपोत दोन दिवस चेष्टा झाली. "बाई, आज कोण साहेब येऊन गेले खड्ड्यात?" "मीच," आत्या म्हणायची आणि पाना मागायची. तिसऱ्या दिवशी सगळे विसरले.

पुढे तीन महिन्यांनी नवे डेपो मॅनेजर आले. जास्तीत जास्त गाड्या रस्त्यावर दिसल्या पाहिजेत, एवढंच त्यांच्या डोक्यात. एके सकाळी आत्यानं दोन गाड्या अडवल्या. साहेब स्वतः खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले.

"बाई, एक फेरी मारून येऊ दे. मग बघू."

"लायनिंग संपलंय, साहेब. नवं येईपर्यंत गाडी जागची हलणार नाही."

"मी सांगतोय ना?"

"मग सही तुम्ही करा. हे घ्या पेन."

पेन ग्रीसनं माखलेलं होतं. साहेबांनी घेतलं नाही. गाड्या उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली. महिला कर्मचाऱ्यांनी पुरुषांचे सेंट वापरू नयेत, त्यामुळे इतरांच्या कामात व्यत्यय येतो. डेपोत मिळून तीन बायका: आत्या, तिकीटखिडकीवरची आणि झाडणारी मावशी. नोटीस कुणासाठी आहे, हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं.

आत्या तडक केबिनमध्ये गेली. "साहेब, तुम्ही कुठला सेंट लावता?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"तुम्ही वरून चालत गेलात की खाली खड्ड्यात मला त्याचा वास येतो. मी कधी तक्रार केली नाही. बरं, लायनिंग आलं का?"

दुसऱ्या दिवशी तिची बदली स्टोअरमध्ये झाली. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ब्रेकच्या कागदावर आता साहेबांच्या मर्जीतला एकजण सही करू लागला.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "वन्सं, सोडून द्या ना तो सेंट. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला वैर घ्यायचं?"

आत्याचा आवाज चढला. "आज सेंट सोडला तर उद्या म्हणेल सही कर, परवा म्हणेल तोंड उघडू नकोस. माझा वास नाही खुपत त्याला, माझी सही खुपतेय." सकाळी ती दुप्पट सेंट लावून गेली. बोल्ट घ्यायला येणाऱ्यांना स्टोअर कुठं आहे ते विचारावं लागत नसे.

मग एक गोष्ट घडली, जी आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हती. बाबांनी कागद काढला. "ताई, तारखा सांग. गाड्यांचे नंबर सांग." आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेल्या माणसानं बहिणीसाठी मुख्य कचेरीला अर्ज लिहिला. अक्षर टपोरं. सुनावणीच्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गेले आणि बाहेरच्या बाकावर घाम पुसत बसले.

आत एक वयस्कर अधिकारी होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही पुरुषांचा सेंट लावता?"

"हो. आत्ताही लावलाय."

"कारण?"

"आवडतो."

अधिकारी आणखी काही ऐकायला थांबले. आत्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. शेवटी त्यांनीच विचारलं, "आणि त्या दोन गाड्या?"

आत्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं लायनिंग काढून टेबलावर ठेवलं. त्यातल्या एका गाडीला नवं बसवताना तिच्या हाताखालच्या एका कारागिरानं ते गुपचूप जपून ठेवलं होतं. झिजून झिजून आतले रिव्हेट उघडे पडले होते. "बोट फिरवून बघा," ती म्हणाली. "ह्याच्या भरवशावर पन्नास माणसं उतारावरून जाणार होती."

त्यांनी बोट फिरवलं आणि बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिले.

निकाल लागला तो अर्धामुर्धा. नोटीस रद्द झाली. सहीचा अधिकार आत्याला परत मिळाला, पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत. साहेब आपल्या खुर्चीत तसेच राहिले. घरी येऊन आत्यानं चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि जेवली नाही. बाबा समजवायला गेले, तर "जिंकलो असं म्हणू नकोस," एवढंच बोलली.

नव्या डेपोत तिच्याआधी तिची कीर्ती पोचली होती. पहिल्या दिवशी कळलं की तिथे बायकांना कपडे बदलायला खोलीच नाही. आत्यानं कामाचे कपडे काखेत मारले आणि ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, दहा मिनिटं बाहेर थांबता का? मला कपडे बदलायचेत."

ते भले गृहस्थ गोंधळून खरंच बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ सगळा डेपो साहेबांना दाराबाहेर उभं राहिलेलं बघत होता. आठव्या दिवशी टायरच्या गोदामाशेजारची खोली रिकामी झाली. कडी बाहेरून होती. आत्यानं ती काढून आतून बसवून घेतली.