दहातल्या सात गोणी

कुडाळच्या काजू कारखान्यात प्रेमलता अठ्ठावीस वर्षं हिशेब बघत होती. निवृत्तीला आठ महिने उरलेले. गप बसली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण गप बसेल ती प्रेमलता कसली!

कंपनीचे शेअर गावोगावच्या काजू बागायतदारांनीच घेतलेले. यंदा ऑडिटरने बजावलं, कंपनी नेमकी कशावर कमावते ते वार्षिक अहवालात लिहा. कंपनी चालवणाऱ्या गुरुप्रसादांनी मजकूर सांगितला, "आम्ही सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांचा काजू घेतो, फोडतो, विकतो."

"साहेब, दहातल्या सात गोणी आफ्रिकेतून येतात. इथला काजू पाकिटावरच्या चित्रातच जास्त."

"सही करा, नाहीतर घरी बसा."

"बसेन. पण खोट्याखाली माझी सही पडायची नाही."

मेल्याने अठ्ठावीस वर्षांत बाईला ओळखलंच नव्हतं!

सभेला दीडशे शेअरवाले जमले. रीतीप्रमाणे आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं. ते घालायचा मान देवळाचे मानकरी अप्पांचा. गाऱ्हाण्यात सगळा कारभार देवापुढे मोठ्याने सांगायचा, आणि त्यात खोटं मिसळायची छाती या मुलखात कुणाची नाही. कारखान्याची हकिगत अप्पा दरवर्षी प्रेमलतालाच विचारून घेत.

"काय सांगूचा गो देवाक?"

गुरुप्रसादांनी डोळे वटारले.

"जा आसा ता सांगा," म्हणत तिने साहेबांच्या देखतच जे होतं ते सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी हात जोडले. "बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" सभा गरजली.

"ह्या कारखान्यात दहातल्यो सात गोणी आफ्रिकेतसून येतत, महाराजा!"

"व्हय महा..." माना गुरुप्रसादांकडे वळल्या. शिरोड्याची बागायतदार विमला ताडकन उठली. "मगे आमचे काजू खपणत नाय म्हणान परत कित्याक धाडलात?"

एकच गलका उडाला. गुरुप्रसाद प्रेमलतावर खेकसले, "उद्यापासून कामावर येऊ नका!"

"उद्याचा उद्या बघू. आज मी कामावर आहे."

"बसान लिव गो तू हयच," विमला म्हणाली. "खरा लिवल्याशिवाय आमी अहवालाक हात वर करूचो नाय."

प्रेमलताने अहवालातलं साहेबांनी सांगितलेलं वाक्य खोडलं. आफ्रिकेच्या गोणी आकड्यासकट लिहिल्या, खाली ठसठशीत सही केली आणि पेन गुरुप्रसादांपुढे सरकवलं.

"घ्या साहेब. आता तुमची."