कठड्यावरचे पत्र्याचे डोळे

मनवा नोकरीत नेमकं काय करते, हे लालबागच्या त्या चाळीत कुणालाच धड सांगता येत नसे. परळच्या एका डिझाइन ऑफिसात कॉम्प्युटरला अडचण सांगायची, आणि तीच अडचण झाडं, किडे, पाखरं कशी सोडवतात ते त्याने शोधून द्यायचं, असं ते काम. "देवाची कॉपी करायचा पगार मिळतो आमच्या मनवाला," असं तिचे वडील शामराव कौतुकाने सांगत.

शामरावांना कबुतरांच्या घाणीने दम लागे. पाखरं इजा न करता कशी पळवायची, असं मनवाने कॉम्प्युटरला विचारलं. त्याने फुलपाखराच्या पंखांवरचे मोठाले डोळे दाखवले. पाखरं त्यांना बिचकतात म्हणे. कुठली पाखरं पळवायची, हेही त्याने विचारलं होतं. एकेक निवडत कोण बसतंय? मनवाने 'सगळी'वर टिचकी मारली. मग पत्र्याचे तसेच डोळे करून गॅलरीच्या कठड्याला टांगले. वाऱ्याने ते उघडमीट करत. कबुतरं गेली. पुढे शामरावही गेले, झोपेतच, हृदयविकाराने.

वर्षश्राद्धाला कठड्यावर पान ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळं त्यांच्या आवडीचं. कावळे समोरच्या कौलांवर बसून कावकाव करत होते, पण एकही पानाला शिवेना. शेजारीपाजारी कुजबुजू लागले.

मनवाची नजर कठड्याला टांगलेल्या पत्र्याच्या डोळ्यांवर गेली. कावळे का येत नाहीत, हे एकट्या तिलाच कळलं होतं. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण एवढ्या माणसांसमोर जीभ उचलेना. ती हळूच कडेला सरकली आणि डोळे सोडवू लागली.

नेमके तेव्हाच आईने हात जोडले. म्हातारपणी गावच्या घरी राहायची शामरावांची इच्छा तिनेच कधी पुरी होऊ दिली नव्हती. तिचा जन्म लालबागचा. त्या रिकाम्या घराची तिला धास्ती वाटे.

"तुमका गावाक ऱ्हवाचा होता ना? मी जातंय. घर उघडून थयच ऱ्हवतंय. पण घास घेवा."

शेवटचा पत्रा मनवाच्या हातात आला आणि कावळा पानावर उतरला.

"ऐकल्यानी गो त्यांनी!" आई रडत होती, आणि वर्षात पहिल्यांदाच हलकी दिसत होती. "गाडयेचा तिकीट बघ मोबायलार."

मनवाने सांगायला तोंड उघडलं. मग पत्रे पदराआड लपवले आणि दुसऱ्या हाताने मोबाईल काढला.

"आई, परतीचं पण काढते."

"परतीचा नको गो."