तिसरं बोट

"अजून उघडा," मी म्हटलं.

"एवढंच उघडून राहिलं, डॉक्टरसाहेब." इंगळे दातांच्या फटीतून बोलत होते.

त्यांना स्वतःचीच बोटं तोंडात उभी घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं जाईना. ही आम्हा डेंटिस्टांची सोपी मोजणी आहे. ज्याची त्याची तीन बोटं समोरच्या दातांमध्ये मावली, की तोंड नीट उघडतं असं धरायचं.

मधुकर इंगळे फॅक्टरीत मशीन शॉपला. पन्नाशीचे, म्हणजे माझ्याच वयाचे. दातांवर कत्थई डाग. जबलपुरात असे डाग आणि न उघडणारं तोंड एकत्र दिसलं, की आमच्या डोक्यात एकच शब्द येतो. गुटख्याने गालाचं आतलं अस्तर चामड्यासारखं कडक होतं आणि तोंड हळूहळू मिटत जातं. अधारतालच्या माझ्या क्लिनिकमध्ये असे लोक रोज येतात. त्या दिवशी बाहेरचा बाक भरला होता. मला घाई होती.

"दिवसाला किती पुड्या?"

"सोडून तीन वर्षं झाली. हिच्या डोक्यावर हात ठेवून सोडला."

ही म्हणजे त्यांची मुलगी पल्लवी. बी.एस्सी. करणारी, खुर्चीमागे बापाचं हेल्मेट धरून उभी होती.

"सगळे असंच सांगतात, इंगळेजी," मी म्हटलं. "तोंड खोटं बोलत नाही."

पल्लवीने हेल्मेट स्टुलावर ठेवलं. "पापा, कसम खाई थी आपने."

इंगळे काही बोलायला गेले, पण घाईघाईत तोंड उघडताना कळ आली आणि कानाशी हात गेला. तोवर ती बाहेर निघून गेली होती.

"कानापाशी दुखते," ते म्हणाले. "पहिले जेवताना इथं कटकन वाजायचं. चार-पाच दिवस झाले, वाजत नाही. तेव्हापासूनच असं अडकलं."

"वाजत नाही ना? चांगलं आहे." मी औषध लिहीत होतो. वर पाहिलंसुद्धा नाही.

इंगळ्यांच्या त्या वाक्यात अख्खं निदान होतं. गुटख्याने बंद होणारं तोंड महिनोन्महिने घेतं, चार दिवसांत अडकत नाही. शिवाय गुटख्याचा गाल ओळखायला आत बोट फिरवावं लागतं. दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागतात. मी बोट फिरवलंच नव्हतं. कॅप्सूल दिल्या आणि आइसक्रीमच्या काड्या सांगितल्या. दातांमध्ये काड्यांचा जुडगा धरायचा, रोज एखादी वाढवायची. कडक झालेले गाल त्याने ताणले जातात.

इंगळे तीन-चार आठवड्यांनी आले, तेव्हा एकटेच होते. दोन बोटंही कशीबशी जात होती.

"काड्या केल्या?"

"इमानदारीने केल्या. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं, तरी केल्या." मग म्हणाले, "काहून बोलले तुम्ही तिच्यासमोर? पल्लवी बोलत नाही आता. डबा ठेवते अन् जाते. माझ्या पँटीचे खिसे तपासते. परवा शेजारच्या काकूंसमोर माझं तोंड हुंगलं तिनं."

तेवढ्यात त्यांचा गाल हलताना दिसला. उजवा. काहीतरी चघळत होते. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पकडला, असं वाटलं.

"हे काय आहे तोंडात?"

त्यांनी तळहातावर काढून दाखवलं. ज्येष्ठमधाची काडी होती, चघळून चिंध्या झालेली.

"मुलेठी हो. तलब आली की हीच. तीन वर्षं हेच करून राहिलो ना मी. डाव्या बाजूच्या दाढा गेल्या, म्हणून इकडूनच चावतो. दिवसभर."

मी ग्लोव्हज चढवले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला तपासलं. गाल आतून मऊ होते. थोडा जुना खरखरीतपणा होता, पट्टे नव्हते. मग दोन्ही कानांसमोर बोटं ठेवली आणि म्हटलं, हळू उघडा. हनुवटी सरळ खाली न जाता उजवीकडे सरकली. उजव्या सांध्यावर दाबल्याबरोबर ते खुर्चीतून उठलेच.

जबड्याच्या सांध्यात एक लहानशी चकती असते, हाडांमधली गादी. सांध्यावर सतत ताण आला की ती पुढे घसरते. तोंड उघडताना ती परत जागेवर बसते, तेव्हा कटकन वाजतं. एक दिवस ती परत येईनाशी होते. आवाज थांबतो आणि जबडा अडकतो. दाराखाली पायपुसणं गोळा होऊन बसावं, तसं. असं दार जोर लावून ढकललं तर काय होईल? मी त्यांना काड्या देऊन तेच करायला लावलं होतं.

त्यांना मी तेव्हा काय सांगितलं? "जरा वेगळं वाटतंय. एक एमआरआय करून घेऊ. काड्या थांबवा." एवढंच. चूक झाली, हे तोंडातून निघालं नाही. तसाही मी फार बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी त्या स्वभावाच्या मागे लपलो. पुढचे दोन-तीन दिवस एका जागी बसवत नव्हतं. पेशंट मधेच सोडून मी दारापर्यंत जायचो, परत यायचो. क्लिनिकमधली रीना दीदी शेवटी म्हणाली, "सर, बैठ जाइए, पेशंट का मुंह खुला है."

एमआरआयमध्ये चकती पुढे अडकलेली स्पष्ट दिसली. नागपूरला जबड्याची सर्जरी करणारा माझा एक बॅचमेट आहे. त्याला फोन केला.

"आधी आवाज यायचा का, हे विचारलं नाहीस?"

"त्यांनी आपणहून सांगितलं होतं."

"मग?"

"मी म्हटलं, चांगलं आहे."

तो म्हणाला, "ताजं असतं तर हाताने बसवायचा प्रयत्न करता आला असता. आता चकती परत येईल असं वाटत नाही. दुखणं जाईल, तोंड बरंच उघडेल. पूर्ण उघडेलच, असा शब्द देऊ नकोस."

इंगळ्यांना बोलावलं. पल्लवीलाही घेऊन या म्हटलं. ती आली, पण दाराशीच उभी राहिली. मी तिला जवळ बोलावलं, तिची बोटं बापाच्या कानांसमोर ठेवली आणि इंगळ्यांना तोंड उघडायला सांगितलं.

"कळलं? डावा सांधा पुढे सरकतो, उजवा अडकतो. गुटख्याने असं होत नाही. तुझे पापा खरं बोलत होते. मी तपासलंच नव्हतं."

"तो आपने बोला कैसे?"

"डाग पाहिले आणि धरून चाललो," मी म्हटलं.

"मैंने इनके जूते तक चेक किए, सर," ती म्हणाली. तिची बोटं अजून बापाच्या चेहऱ्यावरच होती.

"जाऊ दे बेटा," इंगळे म्हणाले. "जोडे त्या निमित्ताने साफ तर झाले."

ती हसली नाही. मीही नाही.

मग उपचार सांगितले. वरच्या दातांवर बसणारी कडक प्लास्टिकची पट्टी, झोपताना लावायची. गरम शेक, मऊ जेवण, मोठी जांभई आली की हनुवटीखाली मूठ. हाताने करायचे हलके व्यायाम मी स्वतः करून घेणार होतो. आणि मुलेठी बंद.

"हे पण सोडू?" इंगळे उठून बसले. "मग चघळू काय?"

"काहीच नाही. जबड्याला सुट्टी."

"वा, डॉक्टरसाहेब. गुटखा सोडला तर तुम्ही मानलं नाही. आता मुलेठी सोडली तर मानाल ना?"

"मानेन," मी म्हटलं.

काही महिने ते नियमित आले. दुखणं गेलं. आज तिसरं बोट पहिल्या पेरापर्यंत जातं, पुढे नाही. मी पहिल्याच दिवशी कानापाशी हात लावला असता, तर ते कदाचित पूर्ण गेलं असतं. हे मी त्यांना सांगितलंय. ऐकून ते म्हणाले, पोळीचा घास जातो, बस झालं.

आता माझ्याकडे कुणाचं तोंड उघडत नसलं, की मी घरच्यांना बाहेर बसवतो. आधी गालात बोट फिरवतो, मग कानासमोर ठेवतो, मग जबड्यातून आवाज यायचा का ते विचारतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत पेन उचलत नाही. पुड्यांचा प्रश्न सगळ्यात शेवटी. यात काही मोठी विद्या नाही. कॉलेजात हेच शिकवलं होतं.

मागच्या वेळी इंगळे निघताना मी विचारलं, "पल्लवी बोलते ना आता?"

"बोलते की. भांडतेसुद्धा." हेल्मेट घालता घालता ते थांबले. "पण कपडे धुवायला टाकताना खिशात हात घालते अजून. म्हणते, आदत पड गई, पापा."