मिनिटमामांची नऊ मिनिटं

मिनिटमामांना मनगटी घड्याळ घ्यायचं होतं, म्हणून चार माणसं दुकानात गेली. मामांनी ते एकट्यानं जाऊन आणलं असतं, तर त्या घड्याळाला कालव्यावर कुणी विचारलं नसतं.

मामा पाटकरी होते. कालव्याचं दार उघडून ज्याच्या त्याच्या मळ्याला ठरलेल्या वेळी पाणी सोडायचं आणि ठरलेल्या वेळी बंद करायचं, हे त्यांचं काम. चौदा मळे, आठ दिवसांची फेरी. दार उघडायची हातभर लांबीची लोखंडी चावी बावीस वर्षं त्यांच्या खांद्यावर होती. एका लग्नाला ते चावीशिवाय गेले, तर मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे आहेत आणि मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. अंगात दुसरा कुठलाही गुण असल्याची नोंद नव्हती. गाता येत नव्हतं, पोहता येत नव्हतं, हिशेबाला बायको लागायची. पण दहा ते बारा म्हणजे दहा ते बारा. बाराला एक मिनिट कमी असताना कुणी हातापाया पडलं तरी दार बंद व्हायचं नाही, आणि बारा वाजून गेल्यावर सख्ख्या भावासाठीही ते उघडं राहायचं नाही. मिनिटमामा हे नाव कुणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं, पण मामांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

गडबड झाली ती आधीच्या घड्याळामुळे. पैलवानाच्या फुलमळ्याला पाणी चालू होतं, पाळी चारला संपायची होती, आणि चारला पाच मिनिटं कमी असताना घड्याळातला सेल गेला. मामा चावी घेऊन तयारीत उभे राहिले. चार वाजायची त्यांनी पाऊण तास वाट बघितली. पुढच्या पाळीवाल्यांनी आरडाओरडा केला, सगळ्यांनी आपापले फोन मामांच्या नाकासमोर धरले. मामा म्हणाले, "ओरडू नका. चार वाजू द्या."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीसंस्थेची सभा झाली. अध्यक्ष मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन ते आता लिंबाची बाग बघत होते. पाटबंधारे कचेरीकडून पत्र आलेलंच होतं, दाराला मोटर बसवून मिळेल, वेळ लावून ठेवली की दार आपोआप उघडेल आणि मिटेल. सभेनं ठरवलं, मामांना एक शेवटची संधी. आता एक जरी तक्रार खरी ठरली तरी चावी कचेरीत जमा. आणि मामांनी चौघांच्या देखत चांगलं घड्याळ घ्यावं.

"आणि दारावर फोन आणायचे नाहीत," रोपवाटिकेच्या ताई म्हणाल्या. "चौदा माणसं, चौदा फोन. ह्या माणसानं बघायचं कुणाकडे? एकच वेळ, मामांच्या मनगटावरची." ठराव त्यांनीच लिहिला, सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

तर मामा, मास्तर, ताई आणि पैलवान असे चौघे दुकानात शिरले. दुकानदारानं आधी लग्नातल्या आहेराला चालतील अशी सोनेरी घड्याळं मांडली.

"शोभेचं नको," मामा म्हणाले. "चिखलात पडणारं दाखवा."

"आकडेवालं घ्या ना काका. बटण दाबलं की दिवा लागतो."

"काट्यांचंच पाहिजे. आकडे वाचावे लागतात. काट्याकडे नुसतं बघितलं की किती पाणी गेलं आणि किती राहिलं ते दिसतं. तीनापासून सहापर्यंतची फोड दिसते मला."

दुकानदाराला फोड दिसली नाही, पण त्यानं काट्यांची आणली. मामांनी सेलवाली सगळी उलट्या हातानं बाजूला सारली. सेल हा शब्द त्यांनी त्या दिवसापासून तोंडातून काढलाच नव्हता. मग दुकानदारानं आतल्या खणातून एक काळं, जाडजूड घड्याळ काढलं. तबकडीखाली उन्हावर चालणारी पट्टी, सेल बदलायचा नाही.

"ऊन किती लागतं?" मास्तरांनी विचारलं.

"थोडं मिळालं तरी बास. फक्त बाहीखाली झाकून ठेवू नका."

"ह्यांना बाहीच नसते," ताई म्हणाल्या. "दिवसभर कालव्यावर उघडे हात घेऊन उभे असतात. घड्याळ भरून वाहील."

"आपटलं तर?" असं विचारून पैलवानानं उत्तराची वाट न बघता ते खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडलं. दुकानदाराच्या तोंडातून आवाज फुटला, घड्याळातून फुटला नाही. काटा चालूच होता. मामांनी ते उचलून दुकानदाराच्या पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि मिनिटभर धरून ठेवलं. ते मिनिट त्याच घड्याळावर मोजलं.

"अहो, ते पाणी प्यायचं आहे!"

"घड्याळही नवंच आहे," मास्तर म्हणाले.

दुकानदारानं तांब्या काउंटरखाली ठेवला आणि उरलेले गुण घाईनं सांगितले. "जगातल्या तीनशे गावांची वेळ दाखवतं."

"आमच्या कालव्याची दाखवतं का?"

"तीच तर गंमत आहे काका. ह्याला वेळ लावावीच लागत नाही. काही घड्याळं मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी पकडतात, पण त्या आपल्याकडे पोचत नाहीत. हे फोनला जोडायचं. फोनची वेळ दिवसातून चार वेळा आपली आपण घेतं आणि काटे जागेवर आणतं. तुम्ही हातही लावायचा नाही."

मास्तर जन्मभर मुलांच्या बोलण्यातलं भोक शोधत आलेले. "आणि फोनला वेळ कोण सांगतं?"

"फोनला टॉवर. टॉवरला उपग्रह."

"आणि उपग्रहाला?"

दुकानदारानं छताकडे बोट केलं. त्यानं स्वतःच्या फोनवरून वेळ लावून दिली आणि घरी गेल्यावर घरचा फोन जोडा म्हणाला.

परतीच्या वाटेवर फोन कुणाचा, हा प्रश्न निघाला. मामांचा फोन बटणांचा होता, त्याला नुसतं बोलता येत होतं. त्याआधीचे दोन कालव्यात गेले होते. मास्तरांचा फोन जोडावा, तर मास्तर पाळीवाले. ताई पाळीवाल्या. पैलवानाचं तर नावच नको. ज्याला पाण्याशी देणंघेणं नाही असा एकच फोन निघाला, मामींचा. मामी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. चादरींशी संबंध, कालव्याशी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामींची सुट्टी होती त्या दिवशी त्या डबा घेऊन दारावर आल्या. ताईंची पाळी चालू होती, दहा ते बारा. मामींनी कठड्यावर बसून चष्मा लावला, फोन काढला, घड्याळाचं बटण दाबून धरलं. दोन्ही काटे गर्रकन फिरून बारावर जाऊन उभे राहिले. जरा थांबले. मग पुन्हा फिरत निघाले आणि वेळेवर येऊन टेकले.

"अगं बाई, शहाणं आहे," मामी म्हणाल्या.

"उपग्रह," मामांनी त्यांना समजावलं.

बारा वाजले, मामांनी दार बंद केलं. ताई मळ्यातून तरातरा आल्या.

"मामा, माझे शेवटचे तीन वाफे कोरडे आहेत."

"वाफे वाढवलेत का?"

"मोजून घ्या! दर फेरीला ह्याच वेळात सगळे भरतात."

"ताई, ठराव कुणी लिहिला?"

ताईंचा फोन घरी होता, ठरावाप्रमाणे. त्या त्याच सुवाच्य अक्षरात तक्रार लिहायला घरी गेल्या.

पुढचे पाच दिवस मामांनी असे काढले की जणू सूर्यही त्यांना विचारून उगवत होता. जो तो दारावर उशिरा येऊ लागला. कुणी चार मिनिटं, कुणी दोन. मामांनी सगळ्यांना बोल लावले. फक्त पैलवान वेळेआधी आला, त्याची मात्र पाठ थोपटली. पाचव्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या, तेव्हा मामांच्या मनगटावर सात वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"रेडिओवाले हल्ली फार आळशी झालेत," मामा म्हणाले.

मामी भांडी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"किती वाजलेत म्हणालात?"

"सात नऊ."

"अहो," मामी म्हणाल्या, "माझा फोन पुढे असतो."

"कुठं पुढे?"

"वेळेनं. नऊ मिनिटं. धुलाईखान्याची गाडी कोपऱ्यावर थांबत नाही, एकदा चुकली की अर्धा दिवस गेला. म्हणून मीच पुढे करून ठेवलाय. चार वर्षं झाली."

"आणि तुला माहीत असतं ना, की तो पुढे आहे?"

"असतं ना."

"मग उपयोग काय त्याचा?"

"घाई होते," मामी म्हणाल्या.

मामा स्टुलावर बसले. बावीस वर्षांत त्यांनी भावासाठी दार उघडं ठेवलं नव्हतं, आणि आता त्यांच्याच घरातल्या फोननं ताईंची नऊ मिनिटं कापली होती. सभा परवावर होती. तक्रार खरी ठरली की चावी कचेरीत.

एक पळवाट होती, आणि ती त्यांना लगेच दिसली, हे नमूद केलं पाहिजे. सभेत गप्प बसायचं. ताईंच्या पुढच्या पाळीला, अकराच्या सुमाराला, मामींनी फोन बरोबर करायचा आणि घड्याळ जोडायचं. काटे नऊ मिनिटं मागे जातील, ताईंना त्यांची मिनिटं परत मिळतील, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. मामांनी हे दोन दिवस मनात घोळवलं. हिशेब चुकत नव्हता, तरी तो मोजल्यासारखा वाटत नव्हता, चोरल्यासारखा वाटत होता.

सभेत ताईंनी तक्रार वाचली. मास्तर घड्याळाच्या बाजूनं उभे राहिले. म्हणाले, वाफे कोरडे राहण्याची कारणं अनेक असतात, उपग्रह मात्र एकच आहे. सगळ्यांनी हं केलं. ताई खाली बसणार, एवढ्यात मामा उठले आणि चावी टेबलावर ठेवली.

"ताईंचं बरोबर आहे. घड्याळही बरोबर आहे. बायकोचा फोन पुढे आहे."

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"नऊ मिनिटं."

मागे बसलेल्या मामींनी पदर सारखा केला आणि भिंतीवरचं पाल नसलेलं एक ठिकाण बघू लागल्या.

"चला, मग मोटर बसवू या," पैलवान म्हणाला. "विषय संपला. वेळ आत्ताच ठरवून लिहून देऊ. किती वाजलेत?"

"पाच वाजून दहा," ताईंनी पिशवीतून फोन काढून सांगितलं.

"पाच पाच," मास्तर म्हणाले.

"माझ्यात सव्वापाच," पैलवान म्हणाला.

मग एकेक फोन बाहेर निघाला. मास्तरांचा पाच मिनिटं पुढे होता, सकाळी फिरायला निघायला उशीर होतो म्हणून. पैलवानाचा पंधरा, कारण त्याला सगळ्यालाच उशीर होतो. ताईंचा दहा.

"ताई," मास्तर सावकाश म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फोन आणला असतात, तर त्यात बारा वाजून गेलेले दिसले असते. तक्रारच राहिली नसती."

"वाफे कोरडे होते ते होतेच," ताई म्हणाल्या.

मोटरीला वेळ कुणाच्या फोनवरून लावायची, यावर अर्धा तास गेला. तो अर्धा तास होता की पंचवीस मिनिटं, यावरही एकमत झालं नाही. प्रत्येकाला आपला फोन किती पुढे आहे ते पक्कं माहीत होतं, आणि तो मागे घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी ताईच म्हणाल्या, "आपण पुढे आहोत हे उठून सांगणारा एकच निघाला. चावी त्यालाच द्या. पण मामी, फोन बरोबर करायचा."

"करते," मामी म्हणाल्या. "पण गाडी चुकली तर तो अर्धा दिवस ह्यांच्या नावावर."

"आणि माझी नऊ मिनिटं?" ताईंनी विचारलं.

फेरी संपली की शेवटची पंधरा मिनिटं पाटकऱ्याच्या घरामागच्या वाफ्यांना, असा जुना नियम होता. "त्यातली नऊ ताईंना," मामा म्हणाले.

"अहो, ती पंधरा मिनिटं माझी आहेत! घेवडा कुणी लावलाय?"

पण तोवर मास्तरांनी लिहून घेतलं होतं.

फेरीच्या शेवटच्या दिवशी मामांनी ताईंच्या मळ्याकडे जाणाऱ्या चारीचं दार उघडलं. घड्याळ आता बरोबर होतं, कठड्यावर मामी डबा घेऊन बसल्या होत्या. सातव्या मिनिटाला ताईंनी बांधावरून हात केला.

"पुरे मामा! भरले सगळे!"

"अजून दोन आहेत."

"अहो, रोपं बुडतायत! बंद करा!"

"तिकडे नको तर इकडे सोडा की," मामी ओरडल्या. "माझा घेवडा वाळून चाललाय!"

मामांनी चावी दोन्ही हातांनी धरली होती आणि नजर सेकंदकाट्यावर होती. पाणी ताईंच्या वाफ्यांवरून ओसंडून रस्त्यावर आलं, रस्त्यावरून पैलवानाच्या फुलांत शिरलं. पैलवान पायजमा वर धरून धावत आला आणि म्हणाला, माझी पाळी तर काल झाली.

"बोलू नका," मामा म्हणाले. "चाळीस सेकंद राहिलेत."